गुंदेगाचा न झोपणारा बेडूक

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये लाटव्हियातल्या आमच्या लिएपाया शहरातल्या एका बालवाडीने दुपारी झोपायला साफ नकार दिला. एखाद्या हट्टी मुलाने नव्हे, अख्ख्या बालवाडीने. सूप पिऊन झालं होतं, पडदे ओढले होते, मुलं आपापल्या छोट्या खाटांवर आडवी झाली होती. खिडकीजवळच्या खाटेवरून कुणीतरी दांड्यावर बोटाने टक टक केलं. मग शेजारच्याने केलं, मग सगळ्यांनीच. आणि त्या चिमुरड्यांनी घसा फाडून गायला सुरुवात केली:

वर बर्फ, खाली मी,
टक टक, ऐकलं का?
तुम्ही झोपा, निजा खुशाल,
मी नाही झोपत, जा!

सांभाळणाऱ्या बाई आधी ओरडल्या, मग त्यांनी गयावया केली, मग त्या स्वतःच रडकुंडीला आल्या. शेवटी मोठ्या बाई धावत आल्या आणि दारातूनच कडाडल्या, "हे गाणं कुणी शिकवलं?" मुलांनी एका सुरात सांगून टाकलं, "गाण्याच्या बाईंनी!"

गाण्याच्या बाई म्हणजे गुंदेगा ड्रेमाने. तिशी ओलांडलेली, ताडमाड उंच, पायात पुरुषी मापाचे बूट, आवाज घोगरा. तरुणपणी संगीत विद्यालयातून तिला काढून टाकलं होतं. परीक्षेत कुणीतरी तिला म्हणालं, "हे असंच वाजवायचं असतं," आणि ही बया भर परीक्षेत म्हणाली, "का?" त्या एका 'का'पायी ती मोठमोठ्या सभागृहांची स्वप्नं सोडून बालवाडीच्या जुनाट पियानोवर येऊन बसली. आणि खरं सांगू का, तिथेच तिचं छान जमलं. मुलं दिवसभर 'का' विचारायची आणि हिला कधी कंटाळा यायचा नाही. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. ती चाळीसएक पोरंच तिचं सगळं काही होती.

मोठ्या बाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं. "अगं गुंदेगा, काय हे?"

"मी शिकवलं नाही हो. पियानो पुसताना गुणगुणत होते. पोरांना कान आहेत, त्याला मी काय करू?"

"पण गाणं कसलं ते?"

"बेडकाचं."

"तेच म्हणतेय मी!" मोठ्या बाई आवाज दाबून म्हणाल्या. "*त्या* बेडकाचं!"

आता तो बेडूक कोण, हे आमच्याकडे कुणाला विचारायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं मुलांचं पुस्तक होतं ते. थंडी पडते, तळं गोठतं, सगळे बेडूक चिखलात शिरून झोपतात, आणि एकच बेडूक म्हणतो की मला झोप नाही. वरून बर्फ त्याला दरडावतं, की झोप मुकाट्याने, सगळे झोपलेत. हा पठ्ठ्या हिवाळाभर खालून बर्फावर टकटक करत राहतो. बस्स, एवढीच गोष्ट. पण लिहिणारा माणूस लढाईच्या शेवटी, रशियनांचं राज्य येताच, होडीत बसून समुद्रापार गेला आणि पुस्तक वाचनालयांतून रातोरात नाहीसं झालं. नाहीसं झालं ते कपाटांतून. आयांच्या तोंडात ते होतंच. लिएपायातली झाडून सगळी पोरं त्या बेडकावर वाढली, आणि चारचौघांत मात्र जो तो विचारायचा, बेडूक? कुठला बेडूक?

गुंदेगाला हीच गोष्ट सहन होत नसे. "घरात सगळे शूर, आणि बाहेर पडलं की सगळे चिखलात!" असं ती म्हणायची, आणि म्हणताना सिगरेटची राख शेजारच्याच्या बशीत झाडायची.

म्हणून तर 'ओले मोजे' निघाले. नावावर जाऊ नका, तो बँड होता. गुंदेगा गायची आणि बालवाडीतला मोडका खेळण्यातला पियानो वाजवायची. इंगुस म्हणून एक मितभाषी गडी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता, तो गिटार वाजवायचा आणि टेप भरायचा. हेरबेर्ट ट्राम डेपोतला मेकॅनिक, अंगाने आडवा, बोलायला सतत पुढे. तो ड्रमऐवजी एक जुनी सुटकेस बडवायचा. त्यांना कुठेही वाजवायची परवानगी नव्हती. परवानगीसाठी गाण्याचे शब्द आधी शहराच्या करमणूक कार्यालयात दाखवावे लागत, आणि गुंदेगा म्हणायची, "माझी गाणी मी आधी त्यांना का दाखवू? ते मला त्यांची पत्रं दाखवतात का?"

मग वाजवायचं कुठे? तर ओतीलिया मावशीच्या स्वयंपाकघरात. मावशी गुंदेगाची घरमालकीण आणि शेजारीण, सत्तरी उलटलेली. बेडकाचं खरंखुरं पुस्तक तिच्या पिठाच्या डब्याखाली होतं. हिवाळाभर तिघांनी खिडक्यांना दुलया लावून तिथे अख्खा अल्बम भरला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा त्या बेडकाचा. घरासमोरून ट्राम जायची आणि तिचा खडखडाट दुलईतूनही आत यायचा. हेरबेर्टला ट्रामच्या वेळा तोंडपाठ, म्हणून प्रत्येक गाणं दोन ट्रामच्या मध्ये बसवलेलं. आता लोक मोठ्या तोंडाने सांगतात, 'ओल्या मोज्यां'ची गाणी कशी आटोपशीर, काय ती शैली! शैली कसली डोंबलाची, ट्राम यायची. बेडकाच्या मुख्य गाण्यात सुटकेसवर तीन टक हव्या होत्या, तर दुसरीनंतरच ट्रामची घंटा वाजली आणि तिसरी राहून गेली. पुन्हा भरायला कोरी टेप नव्हती. गुंदेगा म्हणाली, राहू दे.

आणि हे सगळं पार पडतंय न पडतंय तोच बालवाडीत ते बंड झालं. कुणाच्या तरी बापाने कार्यालयात जाऊन कान भरले, आणि गुरुवारी गुंदेगाला बोलावणं आलं.

कार्यालयात कॉम्रेड काउकिस बसले होते. शहराची करमणूक कशी असावी हे ते ठरवत. गोरेगोमटे, नीटनेटके, बोलणं गोड. हा माणूस आमच्यातलाच, याच शहरात वाढलेला, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. बाहेरून आलेल्याला आमच्या खाणाखुणा कळत नसत, याला सगळ्या कळत.

"बसा, गुंदेगा. मला एकच सांगा, हा हिवाळा म्हणजे कोण?"

"डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी."

"थट्टा नको."

"मार्चही धरा मग. यंदा मार्चही वाईटच गेला."

काउकिसांनी हसून तिच्यापुढे एक कागद सरकवला. त्यात टाइप केलं होतं की मी कोवळ्या मुलांच्या मनात विष कालवलं, मला त्याची लाज वाटते. "यावर सही करायची. आणि ती जी टेप तुम्ही भरलीय ना, हो, मला माहीत आहे, ती सोमवारी सकाळी इथे आणायची. आम्ही पुसू. मग तुम्ही तुमच्या पोरांत आणि मी माझ्या कामात."

"आणि नाही आणली तर?"

"तर लिएपायातच काय, कुठल्याच बालवाडीचं दार तुम्हाला उघडणार नाही. धुलाईखान्यात बायका हव्यात असं ऐकतो."

गुंदेगा जवळजवळ धावतच बाहेर आली. भीतीने म्हणाल तर भीतीने, संतापाने म्हणाल तर संतापाने. तिलाच कळत नव्हतं. पोरं सोडायची की बेडूक सोडायचा? ती तडक रेडिओच्या दुकानात गेली. इंगुसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी एक प्रत काढून ठेवतो."

"एक काढशील, ती तुझ्या घरी सापडेल. दोन काढशील, दोन्ही सापडतील. अरे, शहरभर झाल्या तर ते कुणाकुणाच्या गाद्या उसवतील?"

"शहरभर करायला माणसं बोलवावी लागतील. माणसं बोलावली की झाली बेकायदा मैफल."

"बोलवायचं कशाला?" गुंदेगा म्हणाली. "रविवारी माझा नामदिन आहे."

हे ऐकून तो मितभाषी इंगुससुद्धा मोठ्याने हसला.

वाढदिवसाला आम्ही बोलावणं करतो. नामदिनाला करत नाही. आमच्या पंचांगात रोजच्या तारखेपुढे नावं छापलेली असतात; तुमचं नाव आलं की ज्याला आठवण आहे तो येतो, ज्याला नाही तो नाही. तुम्ही फक्त घर झाडायचं, केक भाजायचा, कॉफी चढवायची आणि वाट बघायची. माणूस पाहुण्यांना बोलावू शकत नाही आणि घालवूनही देऊ शकत नाही. किती येतील याचा अंदाज नसल्याने दरवर्षी गृहिणींचे हाल होतात ते वेगळंच.

हेरबेर्टने शुक्रवार-शनिवार ट्राममध्ये नुसती आठवण करून दिली. "रविवारी गुंदेगा बरं का. यंदा फुलं विसरलात तरी चालेल, टेपरेकॉर्डर विसरू नका."

रविवारी दुपारपासून ओतीलिया मावशीच्या जिन्यावर रांग लागली. फुलं तर सगळ्यांनी आणलीच, नामदिनाला रिकाम्या हाताने कोण जाईल? पण दुसऱ्या हातात, चादरीत गुंडाळलेले, बाळाच्या गाडीत घातलेले, दोघांनी मिळून उचललेले टेपरेकॉर्डर. गोदीतले कामगार आले, साखर कारखान्यातल्या बायका आल्या, आणि कहर म्हणजे बालवाडीच्या मोठ्या बाई आल्या, घाबरून पांढऱ्याफटक पडलेल्या, आणि काखेत नवऱ्याचा कॅसेट प्लेयर. "मी काही पाहिलं नाही, मी फक्त केक खायला आलेय," असं म्हणत त्यांनी स्वतःच प्लगची जागा शोधली.

प्लग होते, पण टेप थेट उतरवायच्या वायरी एकीला एक जुळेनात. इंगुसने हात टेकले. "सगळे माईक लावा. मोठा आवाज करतो, समोरून भरा. आणि कुणी शिंकायचंसुद्धा नाही." टेबलाखाली, कपाटावर, मांडीवर, जिकडे तिकडे माईक. केकच्या ताटाला टेकूनही दोन-तीन. इंगुसने टेप लावली, खोली चिडीचूप झाली, आणि पहिलं गाणं सुरू झालं.

अर्ध्यावर आलं असेल नसेल, दारावर टक टक झालं.

दारात कॉम्रेड काउकिस. त्यांच्याकडे कुणीतरी चुगली केली होती आणि ते रंगेहाथ पकडायला निघाले होते. एकटेच, म्हणजे सगळं श्रेय एकट्याचं. पण काय झालं, येताना वाट बाजारावरून होती. बाजारात फुलवाल्या बसल्या होत्या. आणि आमच्यातला माणूस, रविवारच्या दुपारी, नामदिनाच्या घरी निघालेला! डोक्यात कारवाई होती, पण हाताने आपलं काम केलं. दारात उभ्या काउकिसांच्या हातात तीन पिवळे ट्यूलिप होते. ते त्यांनाही तिथे आल्यावरच दिसले असावेत.

मावशीने दार उघडलं, फुलं पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, या या! बूट काढा, ह्या चपला घाला." आता घरात बूट घालून कोण शिरतं? काउकिसांनी बूट काढले. मावशीच्या मेलेल्या नवऱ्याच्या चौकड्यांच्या सपाता त्यांच्या पायात आल्या, कोट खुंटीवर गेला, आणि समोर गुंदेगा आली. फुलं हातात असताना माणूस जे बोलतो तेच ते बोलले, खणखणीत आवाजात: "नामदिनाच्या शुभेच्छा, गुंदेगा! सुखी राहा, तब्येत सांभाळा!"

"श्श्श!" अख्खी खोली त्यांच्यावर ओरडली.

आणि ते गप्प बसले. देवाशपथ, बसले! गोदीतल्या एका धटिंगणाने सरकून जागा दिली, मावशीने केशर-मनुकांच्या केकचा मोठा तुकडा हातात ठेवला. सपाता घालून, मांडीवर बशी घेऊन बसलेला माणूस काय डोंबल कारवाई करणार? गुंदेगा भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. आता उठेल, आता बंद करील. काउकिस केक खात होते.

मग बेडकाचं मुख्य गाणं लागलं. सगळे झोपतात, बर्फ दरडावतं, आणि सुटकेसवर टक, टक. आणि थांबलं.

"तीनदा," काउकिस भरल्या तोंडाने म्हणाले. "पुस्तकात तीनदा वाजवतो तो."

कुणी वळून पाहिलं नाही. कुणी हसलं नाही. इंगुसने फक्त डोळे मिटले.

टेप संपली तेव्हा काउकिस भानावर आले. उठले, सपाता काढल्या, बूट चढवले, आणि दारातून गुंदेगाला म्हणाले, "उद्या सकाळी. टेप आणि सही." केकबद्दल मात्र त्यांनी मावशीचे आभार मानले. संस्कार कुठे जातात?

सोमवारी सकाळी मावशीने कॉफी पिताना आपली प्रत लावून पाहिली आणि ती अशी काही हसायला लागली की तिला ठसका लागला. गुंदेगा धावत आली. "काय झालं मावशी?" मावशीला बोलता येईना. तिने टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. गुंदेगाने ऐकलं, खुर्चीत बसली, आणि सही करायला म्हणून घेतलेलं पेन पर्समधून काढून टेबलावर ठेवून दिलं.

कार्यालयात तिने मूळ टेप काउकिसांपुढे ठेवली. "ही घ्या. पुसा."

ती इतक्या सहज देईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "शहाण्या आहात. आता सही."

"सही नाही करणार."

"गुंदेगा, मी तुम्हाला सांगितलंय..."

"तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. आता मी सांगते, तुम्ही ऐका." टेपा तपासायला कार्यालयात टेपरेकॉर्डर होताच. तिने मावशीची प्रत त्यात घातली.

आधी गाणं. मग टक टक, अगदी तालात. मग तो खणखणीत, सगळ्या लिएपायाला सभांमधून माहीत असलेला आवाज: नामदिनाच्या शुभेच्छा, गुंदेगा! तिने टेप पुढे नेली. टक, टक. आणि मग, केक चावण्याच्या आवाजासकट: पुस्तकात तीनदा वाजवतो तो.

काउकिसांचा चेहरा पडला. "कुठलं पुस्तक? मी म्हणजे... मी कुठलंही पुस्तक..."

"तेच तर तुमच्या वरचे विचारतील ना साहेब, की कुठलं पुस्तक. जे कुठेच नाही ते तुम्हाला पाठ कसं?"

"किती... अशा किती आहेत?"

"मोजल्या नाहीत. मैफल झाली म्हणता? करा केस. एकेक प्रत गोळा करा, पुरावा म्हणून मांडा. प्रत्येकीत तुम्ही आहात. माझ्याकडे पाहुणे आला होतात, फुलं घेऊन."

काउकिसांनी टेपरेकॉर्डर बंद केला. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "माझी आई वाचायची ते."

"सगळ्यांचीच वाचायची," गुंदेगा म्हणाली. तिला त्या क्षणी त्याची दया आली, आणि दया आली याचाच राग आला. "म्हणून तर मी गायलं. तुम्ही काय केलंत?"

त्यांनी कागद उचलून खणात टाकला. गुंदेगा साडेनऊच्या आत बालवाडीत होती. बूटसुद्धा न बदलता ती पियानोवर बसली आणि मुलांनी विचारलं की बाई उशीर का झाला, तर म्हणाली, "एकाला झोपेतून उठवत होते."

मूळ टेप पुसली गेली. राहिल्या त्या प्रतींच्या प्रती, खरखरणाऱ्या. त्या रीगाला गेल्या, तार्तूला गेल्या, खलाशांच्या बॅगांतून कुठल्या कुठे गेल्या. ज्यांनी लिएपाया पाहिलंही नाही त्यांना वाटायचं की 'ओल्या मोज्यां'त चौथा गडी आहे, मोठा विनोदी, तोंडात काहीतरी घोळवत बोलणारा. लोक त्याची ओळ गाण्यासारखी पाठ म्हणायचे.

पुढे चार-पाच वर्षांनी दिवस फिरले, रशियनांची पकड सैल झाली. 'ओले मोजे' पहिल्यांदा उघडपणे वाजवणार, तेही शहराच्या मोठ्या सभागृहात. दारापर्यंत माणसं. पहिल्या रांगेत, खात्याच्या साहेबांसाठी राखलेल्या खुर्चीत कोण? काउकिस. कोटाला आता आपल्या झेंड्याच्या रंगांची फीत. अशी माणसं कुठे जात नाहीत, फक्त फिती बदलतात.

बेडकाचं गाणं आलं. हेरबेर्टने सुटकेसवर दोनदा वाजवलं आणि हात वरच धरला. सभागृह गरजलं, "तीनदा! पुस्तकात तीनदा!" लोक हसत होते, टाळ्या पिटत होते. हेरबेर्टने तिसरी द्यायला हात खाली आणला, तेवढ्यात गुंदेगाने त्याचं मनगट धरलं. ती माईकजवळ वाकली आणि पहिल्या रांगेकडे बघत राहिली. हळूहळू सगळे गप्प झाले.

"साहेब," ती म्हणाली, "ती ओळ तुमची आहे. तुम्ही म्हटल्याशिवाय मी नाही गात, जा."

काउकिस आपल्या बुटांकडे बघत होते. कुणीतरी खोकलं. गुंदेगा हलली नाही. हिवाळा सरेपर्यंत थांबायची तिची तयारी होती, आणि हे त्या माणसाइतकं कुणाला ठाऊक होतं? शेवटी ते उठले. टेपवरच्यासारखा आवाज नव्हता, फार बारीक होता, पण तेवढ्या शांततेत मागच्या दारापर्यंत पोचला.

"तीनदा."

गुंदेगाने हेरबेर्टचं मनगट सोडलं आणि त्याने तिसरी टक दिली.